शेपटीत बसणारे गुप्तेकाका

गुप्तेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्कूटरवर उलटे बसले होते.

लग्न होऊन डोंबिवलीत येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. फडके रोडवर भाजी घेत उभी होते. समोरून एक स्कूटर गेली. चालवणारा घामाघूम झालेला चाळिशीचा गृहस्थ, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी धरून, मागच्या रहदारीकडे तोंड केलेले एक बुटके, टकले आजोबा. मागून येणाऱ्या रिक्षांना ते हाताने ‘ये, ये, थांब, आता जा’ असं सांगत होते आणि रिक्षावाले चक्क ऐकत होते. डोंबिवलीचे रिक्षावाले कुणाचं तरी ऐकतात हे मी त्या दिवशी पाहिलं, पुन्हा कधी पाहिलं नाही. चौकात हवालदाराने शिट्टी मारली.

“काका, तोंड पुढे करून बसा.”

“पुढे जावई बघतायत,” आजोबा म्हणाले. “मागे कोण बघणार? तुम्ही?”

हवालदाराने जावयाकडे पाहिलं. जावयाने आभाळाकडे पाहिलं. “सासरे आहेत, साहेब,” एवढंच तो म्हणाला. हवालदारही कुणाचा तरी जावई असणार, त्याने मुकाट्याने हात हलवून जायला सांगितलं. संध्याकाळी जिन्यात तेच आजोबा भेटले. आमच्या समोरच्याच दारावर पाटी होती, द. म. गुप्ते.

काका दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब टाकणाऱ्या विमानात होते. आपल्या नव्हे, इंग्रजांच्या. विमानात माणसं सात. सहा पुढच्या बाजूला, आणि सातवा अगदी टोकाला, शेपटीत, काचेच्या एका पिंजऱ्यात, मशीनगन धरून, उलटा बसलेला. तो सातवा म्हणजे दत्तात्रय गुप्ते, राहणार कल्याण. पिंजरा लहान असायचा म्हणून बुटकी माणसं शोधायचे. “आयुष्यात उंचीचा उपयोग झाला तो तेवढाच,” काका म्हणायचे. “अख्खा युरोप पाहिला मी, पण येताना एकही गाव दिसलं नाही. सगळी जाताना दिसली.”

तेव्हापासून त्यांना पुढे तोंड करून बसवेना. कल्याणला टांगे होते तोवर त्यांची चैन होती, टांग्यात मागची सीट उलटीच असते. नाटकाला गेले की शेवटची रांग. लग्नात मुहूर्ताच्या वेळी सगळे बोहल्याकडे बघत असताना काका दाराकडे तोंड करून अक्षता टाकायचे, आणि चपला कुणी पळवल्या हे नंतर फक्त त्यांनाच सांगता यायचं.

घराबाहेर पडताना कुलूप लावून झालं की ते जिन्यातून मोठ्याने म्हणायचे, “मागे सगळं ठीक!” विमानात कॅप्टन दर थोड्या वेळाने कानातल्या फोनवर विचारायचा, मागे काय? त्याचं हे उत्तर. काकूंना आधी वाटलं होतं की गुप्त्यांच्या घराण्यातला हा काही कुळाचार असेल. नवीन सून म्हणून पहिले दोन महिने त्याही म्हणत होत्या.

आता हा माणूस तिथे पोचला कसा, हे काकांच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. ते वीजकाम शिकायला विलायतेला गेलेले. युद्ध पेटलेलं, खाण्यापिण्याचे हाल. एक दिवस रस्त्यात रांग दिसली. रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि कसली ते मग विचारायचं, ही आपली कल्याणची शिस्त. पुढचा माणूस काहीतरी पुटपुटला, त्यावरून काकांना वाटलं, अंडी मिळतायत. महिनाभर अंडं बघितलं नव्हतं. तास-दीड तास उभे राहून टेबलाशी पोचले तर साहेबाने विचारलं, उडायची तयारी आहे का?

“मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?” मी विचारलं होतं.

“अगं, मागे एवढी माणसं उभी. त्यांच्यादेखत ‘मी अंड्यांसाठी आलेलो’ कसं सांगणार? कल्याणचं नाव गेलं असतं.”

ही गोष्ट खरी किती आणि रचलेली किती, देव जाणे. दुसऱ्या एखाद्या दिवशी ते म्हणायचे की शेजारच्या खोलीतला मित्र भरती झाला म्हणून मीही झालो. तिसऱ्या दिवशी म्हणायचे, हिटलरचा आवाज रेडिओवर ऐकला आणि डोकं फिरलं. पण अंडं मात्र खरं होतं. विमान मोहिमेवरून सुखरूप परत आलं की प्रत्येकाला एक तळलेलं अंडं मिळायचं. न परतणाऱ्याचं अंडं तव्यावर तसंच राहायचं, ते कुणी खात नसे. हे सांगून काका लगेच विषय बदलायचे.

म्हणून बाहेरून घरी आलं की काकांना एक अंडं लागायचं. बँकेतून आले, अंडं. मयताला जाऊन आले, आंघोळ आणि अंडं. दूध आणायला म्हणून खाली गेले तरी काकू तवा ठेवायच्या. पंचाईत व्हायची ती चतुर्थीला. त्या दिवशी काकू घरात अंडं शिरू देत नसत. मग काका घरात शिरत नसत. जिन्यात पायरीवर पेपर वाचत बसायचे, अर्थातच घराकडे पाठ करून.

“अहो, आत या! लोक काय म्हणतील?”

“मी अजून परत आलेलो नाही.”

“मग हे जिन्यात कोण बसलंय?”

“वाटेत आहे.”

शेवटी मी आमच्या स्वयंपाकघरात अंडं तळून बशी पायरीवर नेऊन द्यायची. काकू दाराच्या फटीतून बघायच्या आणि आपण बघितलंच नाही असं दाखवायच्या. अंडं संपलं की काका उठून रीतसर परत यायचे.

काकूंचं नाव सुमन. उंच, गोऱ्या, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या आणि भाव तळमजल्यावरच्यांना कळायचा. या बाईची आयुष्यात एकच इच्छा राहिली होती आणि ती सगळ्या बिल्डिंगला पाठ होती. नवऱ्याच्या छातीवर ती पदकं एकदा बघायची.

पदकं चार होती. दोन चांदणीसारखी, सहा टोकांची. दोन गोल, रुपयाहून मोठी. काका परत येऊन ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमध्ये नोकरीला लागल्यावर ती टपालाने आलेली, पुठ्ठ्याच्या एका लहानशा खोक्यात, रिबिनी वेगळ्या घडी घालून ठेवलेल्या. त्यांवर काकांचं नावसुद्धा नाही. इंग्रजांनी तेव्हा नाव कोरायचा खर्च केला नव्हता. रिबिनीला पदक ओवून ज्याचं त्याने छातीवर लावायचं होतं. काकांच्या आईला हे कुणी सांगितलं नाही. तिने पदकं देवघरात ठेवली आणि रिबिनींचे रंगीत तुकडे बघून तिला वाटलं, साहेबाने होणाऱ्या नातवंडांसाठी काहीतरी पाठवलंय. पुढे नात झाली, शोभा. आजीने चारही तुकडे एकाला एक जोडून तिच्या वेणीला रिबीन केली. निळी, काळी, पिवळी, हिरवी, लाल, सगळं एकाच वेणीत. युरोपच्या आभाळात मिळवलेला मान शोभाताईंनी बालवाडीत डोक्यावर मिरवला, शाळेच्या बाईंनी ‘उद्यापासून काळीच रिबीन’ असं बजावेपर्यंत.

पदकांचंही भाग्य थोर. दसऱ्याला शस्त्रांची पूजा, तेव्हा काकांच्या पकडीच्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी त्यांना हळदकुंकू. दिवाळीत समई, तांब्या-पळी आणि पदकं यांना एकत्र चिंच लावून घासायचं. चांदण्यांवर मुळात राजाचं नाव होतं म्हणे. पन्नास वर्षं चिंच खाऊन राजा पार बोथट झाला होता. चकाकी मात्र अशी की दागिने वाटावेत.

“मला बघायला आले होते ना,” काकू सांगायच्या, “तेव्हा सासूबाई डबीच घेऊन आलेल्या. म्हटलं, चला, लग्नात कोटाला लावून फोटो काढतील. कसलं काय! म्हणे कोट जड होतो. शोभाच्या लग्नात म्हणाले, उकडतंय. साठीच्या शांतीला म्हणाले, टोचतात. मग म्हणाले, पदकं ड्यूटीवर लावायची असतात, मी आता रिटायर झालो. अगं, पदकं आहेत की करवंदाची जाळी?”

काका यावर मिशीत हसायचे. त्यांना मिशी नव्हती, तरी ते मिशीतच हसायचे.

एक कारण मात्र ते नेहमी देत. काकांचे थोरले भाऊ वामनराव बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. म्हणजे एक मुलगा इंग्रजांच्या तुरुंगात आणि दुसरा इंग्रजांच्या विमानात. कल्याणच्या चौकात कुणी खवचटपणे विचारलं की यांचे वडील म्हणत, “आमच्या दोन्ही पोरांच्या जेवणाची सोय इंग्रजांनी केली आहे.” भाऊ सुटले, काका परतले, दोघांनी एका ताटात जेवून सगळं मिटवलं. भाऊ म्हणाले होते, “तू वर होतास, मी आत. खाली उभं राहून बोलणाऱ्यांचं आपण ऐकायचं नाही.” पण पुढे स्वातंत्र्यानंतर भाऊंच्या भिंतीवर मानपत्र लागलं, आणि काकांनी ठरवलं की भावाच्या झेंड्यासमोर इंग्रजाची पदकं लावून उभं राहायचं नाही.

त्यांच्या शेपटीत बसण्याचा बिल्डिंगला एकदा भलताच उपयोग झाला. आमचा सार्वजनिक गणपती विसर्जनाला निघाला होता. पुढे टेम्पोत मूर्ती, मागे नाचणारे, त्यांच्या मागे टाळ्या वाजवणाऱ्या आम्ही बायका, आणि सगळ्यात शेवटी काका, आमच्याकडे पाठ करून उलटे चालत. ठाकुर्लीच्या फाटकाजवळ टेम्पोला खड्ड्यात दणका बसला. ढोल चालू, गुलाल चालू, कुणाला काही कळलं नाही. दोन मिनिटांनी मागून आरोळी आली, “मागे सगळं ठीक नाही!”

असं ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असतील. आम्ही गर्रकन वळलो. काकांच्या हातात गणपतीचा उंदीर. टेम्पोतून पडून, नाचणाऱ्यांच्या आणि आमच्या पायांतून घरंगळत तो थेट त्यांच्या समोर जाऊन थांबला होता. एक कान गेला होता, लाडू शाबूत होता. सेक्रेटरी साठे तर रडवेलेच झाले. उंदराशिवाय बाप्पाला पाठवलं असतं तर वर्षभर त्यांना झोप लागली नसती. काकांनी उंदीर त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “शेपटीला माणूस ठेवा, साठे. सगळे पुढे बघायला लागले की असं होतं.” घरी आल्यावर त्यांनी दोन अंडी मागितली, एक उंदराचं म्हणून. दुसऱ्याच्या बदल्यात काकूंनी फक्त डोळे वटारले.

मी त्यांना एकदाच खरं विचारलं. दुपारी गॅलरीत आम्ही मेथी निवडत होतो, काकू आत झोपल्या होत्या. म्हटलं, काका, एवढी हौस आहे त्यांना, लावून टाका की एकदा. खरं कारण काय?

काकांनी हातातली काडी खुडून सुपात टाकली. मग म्हणाले, “हे बघ, बॉम्ब पडले की पुढच्या सहा जणांचं काम संपायचं. विमान वळायचं. त्यांच्यासमोर काळोख. आणि माझ्यासमोर ते पेटलेलं गाव. आपल्या कल्याणएवढं असेल. लांब जाईपर्यंत दिसत राहायचं गं. मला मान वळवायचीही सोय नव्हती. तेवढ्यात कॅप्टन विचारायचा, मागे काय? त्याला म्हणायचं असायचं, आपल्या मागावर कुणी आहे का. मी सांगायचो, मागे सगळं ठीक.”

“खोटं नव्हतं ते,” ते म्हणाले. “पण खरंही नव्हतं.”

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

“ती लढाई लढायलाच हवी होती, त्यात मला शंका नाही. पुन्हा बोलावलं तर पुन्हा रांगेत उभा राहीन. पण छातीवर लावलं की माणसं विचारणार, काय केलंत? आणि मी काय सांगू? अंड्यांची गोष्ट सांगतो, ती बरी.” मग माझ्या सुपाकडे बघून ओरडले, “अगं, कोवळी देठं काय टाकतेस! संसार असा करशील?” मी हसले, आणि डोळे पुसायला आत निघून गेले.

त्या वर्षी स्वातंत्र्याची पन्नाशी आली. साठ्यांनी ठरवलं की झेंडा गुप्तेकाकांच्या हस्ते. काकू पेटूनच उठल्या. “आता नाही तर कधी? मी काय स्वर्गातून वाकून बघू?” असं त्यांनी तीन मजल्यांना विचारलं आणि मला घेऊन स्टेशनजवळच्या लेस-रिबिनीच्या दुकानात गेल्या.

“काकू, बारशाला हवीय की मुंजीला?” दुकानदाराने विचारलं.

“नवऱ्याला,” काकू म्हणाल्या. त्याने पुढे काही विचारलं नाही.

निळी साटिनची रिबीन घेतली. काकूंनी चारही पदकं ओवून, टाके घालून, कोटाशेजारी पलंगावर मांडून ठेवली. काका बघून म्हणाले, “बरं. लावतो.” काकूंना त्या रात्री झोप लागली नसणार, कारण पहाटेपासून त्यांच्या भांड्यांचा आवाज येत होता.

आमच्याकडे झेंडावंदनाला पुरुष पुढे उभे आणि बायका मागे खुर्च्यांवर अशी पद्धत. जिना झेंड्याच्या बाजूलाच उघडतो, त्यामुळे काका आले ते आमच्याकडे तोंड करून. करडा कोट, पॉलिश केलेले बूट. छाती रिकामी. काकूंचा चेहरा असा पडला की शेजारच्या बाईंनी त्यांचा हात धरला. काकांनी आमच्याकडे तोंड ठेवूनच दोरी ओढली, फुलं पडली, झेंडा फडकला. मग ते झेंड्याकडे वळले आणि सलाम ठोकून ताठ उभे राहिले.

चारही पदकं त्यांच्या पाठीवर होती. निळ्या रिबिनीवर, एका ओळीत, चिंचेने घासून लखलखलेली.

राष्ट्रगीत कसं पूर्ण केलं ते आमचं आम्हाला ठाऊक. शेवटच्या ‘जय हे’ला बायकांचे खांदे गदागदा हलत होते. संपल्यावर साठे पुढे झाले. “काका, अहो, हे... उलटं झालंय का?”

“बरोबर झालंय,” काका म्हणाले. “झेंड्याला दिसायला नकोत आणि हिला दिसायला हवीत. मग दुसरी जागा कुठली?”

अख्खी बिल्डिंग हसली. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळे वाहत होते. पण घरी जाताना जिन्यात त्यांनी मला चिमटा काढला. “टाके तुझे आहेत ना? ओळखले मी. वाकडे आहेत.” खरंच होतं, सकाळी काका कोट आणि सुई घेऊन माझ्या दारात आलेले. “पण सांग त्यांना,” काकू म्हणाल्या, “पाठ म्हणजे छाती नव्हे. अर्धंच काम झालंय.”

त्यानंतर दोनेक वर्षांनी काकूंचे गुडघे जिन्याला दाद देईनात. शोभाताई ठाण्याला कोपरीत राहायच्या, तळमजल्यावर. त्यांनी आई-वडिलांना तिकडेच न्यायचं ठरवलं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी टेम्पो आला. कपाट चढलं, पलंग चढला, देवघर गोधडीत गुंडाळून चढलं. काकूंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. काका म्हणाले, आलोच, आणि घरात गेले. आले ते कोट घालून, आणि थेट टेम्पोच्या मागे चढून गादीच्या वळकटीवर बसले, आमच्याकडे तोंड करून.

“बाबा, पुढे या ना, जागा आहे,” ड्रायव्हर ओरडला.

“पुढे तू आहेस की.”

या उन्हात कोट कसला, म्हणून रागवायला काकू खाली उतरल्या, माझा हात धरून मागे आल्या आणि थांबल्या. चारही पदकं काकांच्या छातीवर होती. डाव्या बाजूला, जिथे असायला हवीत तिथे. टाके काकूंचेच, निळ्या रिबिनीवरचे. पिना मात्र काकांनी स्वतः लावलेल्या, वाकड्या.

तिसऱ्या मजल्यावरून भाजीचा भाव पाडणाऱ्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना. तो काकांनाच बोलावा लागला. “आज ड्यूटी आहे,” ते म्हणाले. “तुझा सगळा संसार मागे ठेवलाय. कुणी बघायला नको?”

“मला वर घ्या,” काकू म्हणाल्या.

गुडघे, वय, लाज, कुणाचं काही ऐकलं नाही. स्टूल आणलं, साठ्यांनी एक हात धरला, मी दुसरा, जावयाने मागून आधार दिला, आणि काकू टेम्पोत चढून वळकटीवर काकांच्या शेजारी उलट्या बसल्या. बसल्या-बसल्या त्यांनी एक वाकडी पिन काढून सरळ लावली. “कोपरीला गेल्यावर अंडं मिळेल ना?” काकांनी विचारलं. “आज चतुर्थी आहे,” काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, “देईन.”

टेम्पो सुरू झाला. एरवी माणसं जातात तेव्हा आपल्याला त्यांची पाठ दिसते. काका मात्र आम्हाला सोडून जाताना आमच्याकडेच बघत होते. फाटकात उभे असलेले साठे, डोळे पुसणाऱ्या बायका, वाळत घातलेल्या साड्या, आमची जुनी पिवळी बिल्डिंग, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं. कुठे काही पेटलं नव्हतं. मग टेम्पो वळायच्या आधी त्यांनी तोंडाशी हात धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

“मागे सगळं ठीक!”

आम्ही सगळे हात हलवत होतो. काकूंनी आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या मान वाकडी करून काकांच्या छातीकडे बघत होत्या.